सहाव्या दिवशीही धुवू नये

“तांबेकाका, धुवू नका! नळ बंद करा आधी, नळ!”

माझी पुतणी मृण्मयी खडकीतल्या त्या बैठ्या घराच्या फाटकातून ओरडत होती. स्कूटर तिने स्टँडवर लावली नव्हती, माझ्या अंगावर लावली होती. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी, नाकावर हेल्मेटची काच आणि एका पायावर सगळ्या स्कूटरचा भार, अशा अवस्थेत मी मागच्या सीटवरून अंगणात बघत होतो. नळापाशी पांढऱ्या बनियनमधले सत्तरीचे तांबे पाठमोरे उभे होते. नळ धो-धो वाहत होता. साबणाचा फेस इतका, की पोराटोरांनी होड्या सोडाव्यात. एक हात नळाखाली, दुसरा हात पाठीमागे लपवलेला. पायाशी त्यांचा लॅब्राडोर, सुभेदार, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून हे सगळं बघत होता.

तांबे सावकाश वळले. आधी मृण्मयीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फाटकाकडे.

“फाटकाला बेल आहे,” ते म्हणाले.

तो फेस कशाचा होता हे सांगतो. पण त्याआधी मी, आर्वीचा निवृत्त पी.टी. शिक्षक, पुण्यात कुत्र्यांच्या मागे का फिरत होतो, हे तुम्हाला कळायला पाहिजे. नाहीतर गावात उद्या वेगळंच पसरायचं.

आर्वी सोडताना

मृण्मयी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. पुण्यात संशोधन करते. माणसाला कॅन्सर होण्यामागे घरातल्या, परिसरातल्या कोणत्या गोष्टी असतील, हे ती शोधते आहे, आणि तेही घरोघरच्या पाळीव कुत्र्यांना विचारून. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी तिचा फोन आला. “दिगूकाका, आठ दिवस येता का? शेवटची तीन घरं राहिलीत. बरोबरची मुलगी आजारी पडली. मला कुत्र्याला न घाबरणारं कोणीतरी पाहिजे.”

आता तीस वर्षं मी घरात सांगत आलो आहे की ढगा भुवनच्या जंगलात मी बिबट्याचा कान धरला होता. असं सांगितलेल्या माणसाला ‘मी कुत्र्याला घाबरतो’ म्हणायची सोय राहत नाही. मी बॅग भरली.

प्रवासाचं काही सांगत नाही. बसमध्ये मला झोप लागली. शेजारच्या प्रवाशाचं म्हणणं, की अहमदनगरपासून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, माझ्या घोरण्यावरच ट्रक बाजूला होत होते. मी स्वतः झोपलेला असल्यामुळे खात्री देत नाही, पण बस दीड तास लवकर पोचली हे खरं आहे.

पुण्यात पहिल्याच सकाळी पोहे समोर आले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. मी वाट बघत बसलो. हॉटेलवाला म्हणाला, “काय पाहिजे?” म्हटलं, “तर्री.” तो म्हणाला, “पोहे दिलेत.” मी म्हटलं, “ते दिसले. तर्री?” त्याने पाण्याचा ग्लास माझ्याजवळ सरकवला आणि निघून गेला. आमच्याकडे पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखटजाळ लाल रस्सा, नसली तर गिऱ्हाईक प्लेट मालकाच्या डोक्यावर उपडी करतं. इथे गिऱ्हाईकच गुपचूप खातं आणि वर साखर चांगली पडली म्हणतं.

खाता खाता मृण्मयीने मला काम समजावलं. तिने सांगितलं तसंच लिहितो, कारण मी नंतर पुण्यात हे इतक्या लोकांना सांगितलं की आता ते माझंच वाटायला लागलं आहे.

“काका, माणसाला एखाद्या गोष्टीने कॅन्सर होणार असेल तरी तो दिसायला कधी कधी वीस-तीस वर्षं जातात. तेवढ्यात माणूस चार घरं बदलतो, तीन नोकऱ्या करतो, तंबाखू सोडतो, परत धरतो. मग कारण कुठे शोधणार? कुत्रा आपल्याच घरात राहतो. तीच हवा, तेच पाणी, तीच फरशी. त्यालाही आपल्यासारखेच कॅन्सर होतात. पण त्याचं आयुष्यच दहा-बारा वर्षांचं, म्हणून ते लवकर दिसतात.”

“म्हणजे आपल्या पुस्तकातलं पुढचं पान तो आधी वाचतो.”

“तसं म्हणा. आणि तो विडी ओढत नाही, दारू पीत नाही, आणि विचारलं तर खोटं बोलत नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती.

मग तिने पिशवीतून एक पट्टी काढली. सिलिकॉनची, रबरासारखी मऊ, बोटभर लांब. अशी एक कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवायची आणि तशीच एक मालकाने मनगटावर घालायची. घरात जे काही उडतं, डासांच्या कॉइलचा धूर, फरशीचं औषध, मुंग्यांची पावडर, सोफ्यातलं काहीबाही, ते सगळं ही पट्टी शोषून घेते. नंतर प्रयोगशाळेत ती जे प्यायली ते बाहेर काढून मोजायचं. आमच्या गल्लीत अशी एक बाई आहे. पाच दिवस ओट्यावर मुकाट बसते आणि सहाव्या दिवशी तिच्या तोंडून अख्ख्या आर्वीचा हिशेब निघतो. मला पट्टी लगेच समजली.

विश्रांतवाडी

पहिलं घर विश्रांतवाडीत, सातव्या मजल्यावर. सायली आणि निनाद, दोघंही आयटीतले, दोघंही अमरावतीचे. म्हणजे आपलीच माणसं. पण पाच वर्षांत पुण्याने त्यांची भाषा अशी काही ढवळली आहे की एका वाक्यात तीन राज्यं येतात.

“अंकल, डोन्ट वरी, खिचडी एकदम सुपर चिल आहे,” सायली म्हणाली. “वो कुछ नहीं करती.”

खिचडी म्हणजे त्यांची बीगल. आकाराने आपल्या तांदळाच्या छोट्या पोत्याएवढी. आमच्याकडे कुत्रा अंगणात राहतो, भाकरी खातो आणि त्याचं नाव काळ्या असतं, मग तो पांढरा का असेना. खिचडीला स्वतःची गादी होती, दोन स्वेटर होते, आणि तिच्या वाढदिवसाचे फोटो भिंतीवर निनादच्या लग्नाच्या फोटोपेक्षा वरच्या बाजूला होते.

माझ्या हातात खोकं होतं. त्यात मृण्मयीच्या काचेच्या बरण्या होत्या, पाच दिवसांनी पट्ट्या ज्यात भरून आणायच्या त्या. मी सायलीला नुकतीच बिबट्याची गोष्ट सुरू केली होती. कान धरला, इथपर्यंत आलो आणि खिचडी पाठीमागून, माझ्या पोटरीला नाक लावून, एकदाच भुंकली.

मी घाबरलो नाही. मी फक्त वेगाने वर गेलो. शाळेत तीस वर्षं मी मुलांना उंच उडी शिकवली, पण सोफ्याच्या पाठीवर उभं राहण्याइतकी उंची त्या दिवशी पहिल्यांदा गाठली. बरण्या माझ्याबरोबर वर आल्या नाहीत.

काचा गोळा करायला अर्धा तास गेला. तेवढ्यात मृण्मयीने खिचडीच्या गळ्यात आणि निनादच्या मनगटावर पट्ट्या चढवल्या. खिचडीने त्या वेळात झोप काढली.

“बिबट्याचा कान,” लिफ्टमध्ये मृण्मयी एवढंच म्हणाली.

आता चूक झाली की मी ती दुप्पट जोमाने दुरुस्त करतो, हा माझा स्वभाव आहे. मृण्मयी म्हणत होती, नवीन बरण्या मागवाव्या लागतील, प्लास्टिक चालत नाही, प्लास्टिकचंच काही पट्टीत उतरेल. मी म्हटलं, “स्टील चालेल ना?” आणि तासाभरात मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या तीन डब्या घेऊन आलो. घट्ट झाकणाच्या, वेलदोडे-लवंगा ठेवतात तशा. दुकानदाराला विचारलं, “झाकण पक्कं बसतं ना?” तो म्हणाला, “बसत नसतं तर वेगळं विकलं असतं.”

मृण्मयीने त्या डब्या प्रयोगशाळेत नेऊन कसल्याशा द्रवाने धुतल्या, भट्टीत तापवल्या आणि चक्क खूश झाली. माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण सापडलंच नाही. त्याच भरात मी आणखी एक युक्ती सुचवली. एरवी मृण्मयी पाचव्या दिवशी स्वतः जाऊन, हातमोजे घालून, चिमट्याने पट्टी काढते. पण या वेळी पाचव्या दिवशी तिला तिच्या मॅडमपुढे आजवरचं काम मांडायचं होतं. मी म्हटलं, “डब्या आधीच घरोघरी देऊन ठेवू. लोक पट्ट्या काढून डबीत टाकतील. आपण सहाव्या दिवशी सकाळी नुसत्या उचलायच्या.”

 ती हो म्हणाली आणि खिचडीची डबी त्याच संध्याकाळी विश्रांतवाडीला पोचवली. त्या ‘हो’मुळे काय होणार होतं ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही. मराठी घरात स्टीलची डबी देतो आहोत, हे दोघंही विसरलो.

वाघोली

दुसरं घर वाघोलीत. नगर रस्त्याला लागूनच पूर्वी हौसाबाईंचं ज्वारीचं शेत होतं. आता त्या शेतात बारा मजली तीन इमारती उगवल्या आहेत आणि हौसाबाई त्यातल्या पहिल्या मजल्यावर राहतात, कारण वरून त्यांना “खालचं कायबी दिसत न्हाय.” इमारतीच्या पार्किंगमध्ये चूल आहे. बिल्डरने विरोध केला होता. चूल अजून आहे, बिल्डर दिसला नाही.

त्यांचा कुत्रा गावठी, पिवळा, जाडजूड. नाव मॅनेजर.

“मॅनेजर का?” मी विचारलं.

“आमच्या सोसायटीला एक मॅनेजर हाय. दिसभर गेटापाशी बसतो, येनाऱ्या-जानाऱ्याकडं बघतो आन् पगार खातो. ह्यो पन तसाच. फकस्त ह्यो रातीचा भुकतो तरी.”

मृण्मयीने कागद वाचून दाखवला. कागद तिनेच लिहिलेला, साध्या मराठीत: पाच दिवस घर नेहमीसारखं ठेवा. पट्टी काढू नये. पाच दिवस पट्टी धुवू नये. पाच दिवस झाले की पट्ट्या काढून डबीत टाकायच्या, हे तिने तोंडी सांगितलं. हौसाबाईंनी मान डोलावली, स्टीलची डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली, नखाने वाजवली.

“डबी चांगली हाय,” म्हणाल्या.

मी त्यांना बिबट्याची गोष्ट सांगितली. वाघोलीत मोकळी हवा असल्यामुळे बिबटे दोन झाले.

“दोन कान धरले म्हना की,” हौसाबाई म्हणाल्या आणि मॅनेजरला भाकरी टाकायला गेल्या.

खडकी, पहिल्यांदा

तिसरं घर तांब्यांचं. हे घर बाकीच्यांसारखं नव्हतं, हे मृण्मयीने मला स्कूटरवरच सांगितलं होतं. “तिथे बिबट्या नको, काका.”

सुभेदारला कॅन्सर आहे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. इंजेक्शनं सुरू झाली आणि त्या बऱ्याच बसल्या. तो जेवतो, फिरतो, पोस्टमनवर भुंकतो. डॉक्टरांनी तांब्यांना सांगितलं आहे की त्याला काही चांगले महिने मिळतील, किती ते सांगता येणार नाही. तांबे हे सगळं आम्हाला घड्याळाच्या काट्यासारखं सांगून मोकळे झाले. संरक्षण खात्याच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काम केलेला माणूस. घरात प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला वस्तू. दाराशी एक लाकडी कप्पा आणि त्यात त्यांचा मोबाइल, बंद करून ठेवलेला.

“फोन बिघडला का?” मी विचारलं.

“आठ ते चार बंद असतो.”

“का?”

“कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर जमा करायचा.”

“पण तुम्ही निवृत्त होऊन...”

“अकरा वर्षं झाली,” ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने त्यात पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

मृण्मयीने कागद वाचला. ते चष्मा लावून तो स्वतः वाचत होते, ती जे मोठ्याने वाचत होती त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. मग त्यांनी विचारलं, “घर नेहमीसारखं म्हणजे कॉइलसुद्धा?”

“रोज लावता?”

“रोज संध्याकाळी. त्याच्या गादीशेजारी. त्याला डास फार चावतात.” मग भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, “भिंतीकडेने मुंग्यांची पावडर. ती पण त्याच्याच बाजूला. नऊ वर्षं.”

सुभेदारची गादी भिंतीला लागून, जमिनीवर. शेजारी कॉइलची पत्र्याची तबकडी. आम्ही तिघांनीही तिकडे बघितलं. सुभेदारला वाटलं त्याचं कौतुक चाललं आहे, त्याने शेपटी आपटली.

तेव्हा तांब्यांनी खरी गोष्ट सांगितली. मुलगा हैदराबादला असतो. दिवाळीच्या सुट्टीत चार वर्षांची नात महिनाभर यायची आहे. ती इथे आली की पलंगावर झोपत नाही. खाली, सुभेदारच्या गादीवर, त्याच्या पोटाला डोकं लावून झोपते. दिवसभर त्याच फरशीवर खेळते, लोळते, पडलेला खाऊ उचलून खाते.

“मला एवढंच कळायला पाहिजे,” ते म्हणाले, “की तिला येऊ द्यायचं की नाही. आणि हे मी केलं का.”

मृण्मयी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, “काका, एका कुत्र्याच्या पट्टीवरून त्याला कशाने झालं हे मी सांगू शकणार नाही. कोणीच नाही सांगू शकणार. पण या फरशीलगत काय काय आहे आणि किती आहे, हे सांगता येईल. शेकड्याने घरं तपासली की कशाचा आजाराशी संबंध दिसतो तेही हळूहळू कळेल. तुम्हाला घर आजच साफ करायचं असेल तर करा. मी दुसरं घर बघेन.”

“नात सातव्या दिवशी येते,” ते म्हणाले. “पाच दिवस तुमचे. सहाव्या दिवशी दुपारी मी पावडर, कॉइल सगळं काढणार आणि घर धुणार. मग मागे वळून बघायला काही राहणार नाही. तेव्हा नीट मोजा.”

दोघांना पट्ट्या चढवून, डबी देऊन बाहेर आल्यावर मी बिबट्याबद्दल काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातली ही दुर्मिळ घटना म्हणून नोंदवून ठेवतो.

सहावा दिवस

सकाळी साडेआठला विश्रांतवाडी. सायलीने दार उघडलं तेच हसत. “ताई, ऑल डन.” डबी हातात दिली. मृण्मयीने झाकण काढलं. आतल्या दोन्ही पट्ट्या अशा चमकत होत्या की त्यात तोंड बघून भांग पाडता आला असता.

“हे धुतलं का?” मृण्मयीने फार हळू विचारलं.

“ऑफकोर्स. खिचडीच्या गळ्यात होती ना, किती गंदी झाली होती. हँडवॉशने धुतली, मग सॅनिटाइझ पण केली.”

“कागदावर लिहिलं होतं, धुवू नये.”

निनाद आतून कागद घेऊन आला. “पाच दिवस पट्टी धुवू नये,” त्याने वाचलं. “आज सहावा आहे.”

कागद मृण्मयीनेच लिहिला होता. तिने ती चूक स्वतःच्या वहीत लिहून घेतली. खिचडीच्या आणि निनादच्या अंगावर नवीन पट्ट्या चढवल्या, आता पुन्हा पाच दिवस. इथे ते शक्य होतं. घर बदलणार नव्हतं, कुत्रीही बदलणार नव्हती. निघताना सायलीने विचारलं, “डबीत थोडे ड्रायफ्रूट टाकू का? रिकामी कशी देऊ?”

तेव्हा मी त्या डबीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

वाघोलीत हौसाबाई पार्किंगमध्ये वाटच बघत होत्या. डबी राखेने घासून चांदीसारखी केलेली. झाकण उघडलं तर आत शेंगदाण्याचा लाडू, डबीत जेमतेम बसणारा, दाबून बसवलेला. पट्ट्या वेगळ्या, धुऊन, वाळवून, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेल्या.

“दुसऱ्याची वस्तू मळकी परत करावी का?” हौसाबाई म्हणाल्या. “आन् डबी रिकामी? माझ्या सासूनं मला उभं केलं असतं उन्हात. लहान डबी हाय म्हनून एकच बसला, बाकीचे पिशवीत हायेत.” आणि पिशवी माझ्या हातात दिली. उचलताना खांदा निखळला असता, दोन किलो सहज होते.

मृण्मयी त्यांच्यावर चिडली नाही, त्यांना आणि मॅनेजरला नवीन पट्ट्या चढवल्या. मग ती माझ्याकडे वळली.

“काका. स्टीलची डबी.”

काचेच्या बरणीत कोणी लाडू भरला नसता. काचेची बरणी म्हणजे दवाखाना, तिच्याकडे लोक लांबून बघतात. स्टीलची डबी दारात आली की ती शेजारणीची असते. ती घासायची आणि भरून परत करायची, हे आपल्या हाताला माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. माझ्या आईनेही हेच केलं असतं. मीही.

आणि तशीच एक डबी खडकीत तांब्यांकडे होती. ज्या माणसाच्या घरात झाडूसुद्धा खिळ्याला टांगलेला होता आणि ज्याच्याकडे आज दुपारनंतर मोजायला काही उरणार नव्हतं.

मृण्मयीने फोन लावला. फोन बंद. पावणेदहा वाजले होते. फोन गेटवर जमा झालेला होता.

पुढच्या प्रवासाबद्दल मी एवढंच सांगतो, की त्या दिवशी नगर रस्त्यावर जेवढी वाहनं होती तेवढी सगळ्या आर्वी तालुक्यात आजवर आली नसतील, आणि मृण्मयीने ती सगळी ओलांडली. एका सिग्नलला तर दिवा हिरवा व्हायच्या आधी लाजला. येरवड्याला एका पाण्याच्या टँकरने आम्हाला वाट दिली. होळकर पुलावर नदीतले बगळे मागे पडले. मी डोळे मिटून लाडवांची पिशवी पोटाशी धरली होती. जायचंच असेल तर पोटभर जावं, म्हणून मध्ये एक खाल्लाही.

आणि मग फाटक, नळ, फेस आणि “फाटकाला बेल आहे.”

नळापाशी

मृण्मयी फाटक ढकलून आत गेली. “पट्टी कुठे आहे?”

तांब्यांनी नळ बंद केला. नळाखालचा हात वर काढला. त्यात डबी होती. नुसती डबी, साबणाने घासलेली.

मग पाठीमागचा हात पुढे आणला. मनगटावर पट्टी होती, मळकी, घामट, जशीच्या तशी. पाणी लागू नये म्हणून त्यांनी तो हात पाठीशी धरला होता आणि एका हाताने डबी घासत होते. सुभेदारने डोकं वर केलं. त्याच्या गळ्यातली पट्टी इतकी घाण होती की मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

“तुम्ही काढली नाही?” मृण्मयीने विचारलं.

“कागदावर लिहिलं आहे, पट्टी काढू नये.”

“ते पाच दिवसांसाठी होतं.”

तांब्यांनी बनियनच्या आत घडी करून ठेवलेला कागद काढला, चष्मा लावला. “पाच दिवस घर नेहमीसारखं ठेवा. ही एक ओळ. पाच दिवस पट्टी धुवू नये. ही तिसरी. मधली ओळ: पट्टी काढू नये. त्या ओळीत दिवस लिहिलेले नाहीत. कधी काढायची हे कुठेच लिहिलेलं नाही.” कागद परत घडी केला. “कारखान्यात जे लिहिलेलं नाही त्याला हात लावत नाहीत. तुमची वाट बघत होतो. डबी मात्र हाताळली होती, म्हणून म्हटलं स्वच्छ करून द्यावी.”

पस्तीस वर्षांत त्या कारखान्यात या माणसामुळे किती जण घरी धडधाकट गेले असतील, असं मला वाटून गेलं.

मृण्मयी पायरीवर बसली. तिने हातमोजे घातले. चिमट्याने सुभेदारची पट्टी काढली, मग तांब्यांची. आणि थांबली. डबी साबणाची, ओली. आता ठेवायचं कशात? तिने पिशवीतून अॅल्युमिनियम फॉइलची गुंडाळी काढली आणि दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या गुंडाळल्या, डब्यात पोळ्या गुंडाळतात तशा. वर पेनाने नावं लिहिली. झालं.

मी ते बघत होतो. “फॉइल चालतं?”

“चालतं.”

“मग बरण्या कशाला होत्या? आणि डब्या?”

“काका, लाडू खा.”

मी खाल्ला. तांब्यांनाही दिला. त्यांनी अर्धा मोडला, सुभेदारकडे बघितलं, मृण्मयीकडे बघितलं. ती नाही म्हणाली. त्यांनी दुसरा अर्धाही स्वतः खाल्ला.

दुपारी आम्ही तिथेच राहिलो. कागदावर लिहिलेलं नसताना. तांब्यांनी कॉइलची तबकडी, अर्धं पाकीट, पावडरचा डबा सगळं एका पिशवीत बांधलं. मी भिंतीकडेने बसून ओल्या फडक्याने पावडर टिपत गेलो, मृण्मयीने सांगितलं होतं झाडायची नाही, उडते. मग साध्या पाण्याने फरशी तीनदा पुसली. खिडक्यांना जाळ्या लावायला तांब्यांनी सुतार आधीच सांगून ठेवला होता. सुतार आला तेव्हा चार वाजून एक मिनिट झालं होतं. तांब्यांनी कप्प्यातून फोन काढून चालू केला. त्यावर मृण्मयीचे सतरा कॉल होते. त्यांनी ते एकेक करून बघितले.

निघताना त्यांनी मृण्मयीला विचारलं, “मग येऊ देऊ?”

“येऊ द्या,” ती म्हणाली. “फरशी आता तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, काका. कदाचित पट्टीकडेही नसेल.”

“दुसरा प्रश्न मी परत विचारलेला नाही,” तांबे म्हणाले. मग मला म्हणाले, “तुम्ही तो बिबट्या कोणत्या कानाला धरला होता?”

म्हणजे हिने सांगितलं होतं. मी म्हटलं, “डाव्या.”

“वाघोलीत दोन होते म्हणे.”

“दुसरा मागून आला.”

“बरोबर,” ते म्हणाले. “एकटा कशाला येईल.”

दिवाळी आटोपल्यावर आर्वीहून मी त्यांना फोन केला. चार वाजून गेल्यावर. मृण्मयीचा निकाल यायला अजून वेळ आहे, तिच्या पट्ट्या रांगेत आहेत, हे त्यांना माहीत होतं. मी निकालासाठी फोन केलाच नव्हता. पलीकडून एक लहान मुलगी कोणाला तरी जोरजोरात कवायत शिकवत होती, सावधान, विश्राम, सावधान.

“नात आली म्हणायची,” मी म्हटलं. “झोपते कुठे?”

“जमिनीवर.”

“आणि सुभेदार?”

“पलंगावर,” तांबे म्हणाले.